घरपट्टीचें बिल आणि नगराची तूट

संसारांत जे कागद दारीं येतात त्यांत घरपट्टीच्या बिलाइतका न वाचला जाणारा दुसरा कागद क्वचितच असेल. लग्नपत्रिका आपण उलटसुलट करून पाहतों. विजेच्या बिलावरचा आंकडा मागील महिन्याशीं ताडून पाहतों. वाण्याच्या यादींत पाव किलो डाळ अधिक लागली तर घरांतील स्त्रियांच्या नजरेंतून ती सुटत नाहीं. परंतु नगरसंस्थेचें बिल आलें म्हणजे कर्ता पुरुष तळाची बेरीज तेवढी पाहतो, कपाळाला आठ्या घालतो आणि कागद तारेला अडकवून मोकळा होतो. त्या बेरजेच्या वर काय लिहिलेलें असतें, तो पैसा कोठें जातो, आणि ज्या नगराच्या नांवानें तो मागितला जातो त्याचा जमाखर्च कसा चालतो, याचा विचार सुशिक्षित कुटुंबांतहि फारसा होत नाहीं. पनवेल महानगरपालिकेच्या हद्दींत, आणि त्यांतहि तळोज्यांत, गेल्या कांहीं वर्षांत जो वाद माजला त्यानें मात्र लोकांस हें बिल अक्षरशः वाचावयास लाविलें. त्या वादाची हकीकत वाचकांपुढें ठेवावी असें आम्हांस वाटतें. मोठ्या शहराच्या कडेला जीं जीं गांवें आज घरांनीं भरत चाललीं आहेत, त्या सर्वांस ती उपयोगी पडेल.

तळोजें म्हटलें कीं परगांवच्या माणसाच्या डोळ्यांपुढें कारखान्यांचीं धुराडीं, नाहीं तर मध्यवर्ती कारागृहाच्या भिंती उभ्या राहतात. तेथें राहणारास ठाऊक असतें कीं त्या एका नांवाखालीं तीन निरनिराळीं गांवें नांदत आहेत. पहिलें तळोजें पंचानंद हें मूळचें गांव. दिवा-पनवेल लोहमार्गावरील स्थानकास त्याचेंच नांव आहे. दुसरें महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळानें वसविलेलें, कारखान्यांचें. तिसरें सिडकोनें भातखाचरांवर आंखलेलें नवें तळोजें. तेथें मुंबईच्या चाळींतून आणि दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांतून बाहेर पडलेलीं, वीस-वीस वर्षांचें कर्ज डोक्यावर घेतलेलीं कुटुंबें राहतात. १७ नोव्हेंबर २०२३ पासून बेलापूर ते पेंधर अशी अकरा स्थानकांची मेट्रो सुरू झाली आणि ह्या तिसऱ्या तळोज्याची मुंबईशीं जवळीक वाढली.

तीन गांवें, आणि पैसे भरावयाच्या खिडक्याहि तीन. जुन्या गांवचा रहिवासी आपली घरपट्टी ग्रामपंचायतींत भरी. कारखानदार रस्त्यांसाठीं व दिव्यांसाठीं औद्योगिक महामंडळास सेवाशुल्क देई. नव्या इमारतींतील सदनिकाधारक आपल्या सोसायटीमार्फत सिडकोस सेवाशुल्क देई. ही व्यवस्था आदर्श होती असें कोणी म्हणणार नाहीं. २०१७ च्या ऑगस्टांत ह्या औद्योगिक वसाहतींतील भटके कुत्रे निळे होऊन हिंडूं लागले आणि त्यांचीं छायाचित्रें जगभर गेलीं. रंगाच्या एका कारखान्याचा तो प्रताप होता. तेव्हां गाऱ्हाणें घेऊन जावयाचें तें चौथ्याच दारीं, प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे, असें लोकांस कळून आलें. तथापि पैशापुरतें बोलावयाचें तर कोणास काय द्यावयाचें हें ज्याचें त्यास स्पष्ट होतें.

हा हिशोब १ ऑक्टोबर २०१६ रोजीं बदलला. त्या दिवशीं पनवेल महानगरपालिका स्थापन झाली. राज्यांतील ती सत्ताविसावी आणि रायगड जिल्ह्यांतील पहिली. पनवेलची नगरपालिका १८५२ सालची, म्हणजे १८५० च्या कायद्यान्वयें ज्या अगदीं पहिल्या नगरपालिका निघाल्या त्यांपैकीं एक. बंदराचें आणि बैलगाडीच्या चाकांच्या धंद्याचें तें जुनें पेठेचें गांव. ती नगरपालिका, सिडकोच्या खारघर, कामोठें, कळंबोली, नवें पनवेल व तळोजें ह्या वसाहती, आणि भोंवतालचीं २९ गांवें एकत्र करून सुमारें ११० चौरस किलोमीटरांचें एक नगर कागदावर उभें राहिलें. २०११ च्या शिरगणतीच्या आधारें त्याची वस्ती पांच लाखांच्या वर धरिली होती. प्रत्यक्षांत ती तेव्हांच कितीतरी पुढें गेली असली पाहिजे.

महानगरपालिका जन्मली खरी, पण वसाहतींतील रस्ते, गटारें, दिवे, उद्यानें लगोलग तिच्या हातीं आलीं नाहींत. सिडको आणि पालिका यांच्यामध्यें हस्तांतरणाचा विचारविनिमय वर्षानुवर्षे चालला. कचरा उचलण्याचें काम २०१८ मध्यें पालिकेकडे आलें. बाकीच्या गोष्टी त्याहून उशिरानें, एकेक करून. ह्या मधल्या काळांत सिडकोचें सेवाशुल्क चालूच होतें. पुढें मालमत्तांची मोजणी पुरी झाली आणि २०२१ सालीं पालिकेनें वसाहतींत घरपट्टीचीं बिलें वाटलीं. तीं कधींपासूनचीं? तर १ ऑक्टोबर २०१६ पासूनचीं. साडेचार वर्षांहून अधिक काळाचा कर एकाच कागदावर, आणि तोहि अशा वर्षीं कीं ज्या वर्षीं करोनाच्या दुसऱ्या लाटेनें कित्येक घरांतील मिळवतें माणूस नेलें होतें आणि कित्येकांच्या नोकऱ्या गेल्या होत्या.

लोक खवळले यांत नवल नाहीं. खारघरपासून तळोज्यापर्यंत सभा झाल्या, निवेदनें गेलीं, मोर्चे निघाले, आणि प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेलें. तळोज्याच्या कारखानदारांचीहि तक्रार तीच: आमचे रस्ते महामंडळ करतें, त्याचे पैसे आम्ही महामंडळास देतों, मग पालिकेची घरपट्टी कशाबद्दल? दुहेरी कर हा शब्द तेव्हांपासून त्या भागांतील प्रत्येकाच्या तोंडीं बसला. त्यांतच १ जानेवारी २०२२ रोजीं मुंबईंत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांस घरपट्टी माफ होणार अशी घोषणा झाली. मुंबईंत घर परवडत नाहीं म्हणून तळोज्यास आलेल्या माणसानें ती बातमी कोणत्या मुद्रेनें वाचली असेल हें सांगावयास नको.

आतां दुहेरी कर हा शब्द कायद्याच्या दृष्टीनें टिकत नाहीं. कर निराळा आणि शुल्क निराळें. शुल्क हें एका ठराविक सेवेचा मोबदला. सेवा नाहीं तर शुल्क नाहीं. कराचें तसें नाहीं. तो नगराच्या सामुदायिक खर्चासाठीं द्यावयाचा असतो, आणि माझ्या दारापुढचा दिवा बंद आहे एवढ्या सबबीवर तो नाकारतां येत नाहीं. सिडको घेई तें शुल्क. पालिका मागते तो कर. म्हणून एकाच वर्षासाठीं दोन्हीं मागितलीं तरी कायद्याचा भंग होतोच असें नाहीं. आमच्या वर्गांतील एखाद्या विद्यार्थ्यानें हा भेद इतका नीट मांडला असता तर आम्ही त्यास पूर्ण गुण दिले असते.

परंतु गृहस्थाच्या मनाचें समाधान ह्या भेदानें होत नाहीं, आणि तें न होणेंच योग्य आहे असें आमचें मत आहे. रघुवंशाच्या पहिल्या सर्गांत दिलीप राजाच्या करवसुलीस कालिदासानें सूर्याची उपमा दिली आहे: सूर्य पृथ्वीवरचें पाणी शोषून घेतो तें अनेक पटींनीं परत देण्यासाठीं. तळोज्यांत एक सूर्य पाणी शोषीत होता आणि पाऊस त्यानेंच पाडावयाचा होता. पांच वर्षांनीं दुसरा सूर्य उगवून म्हणूं लागला कीं मीहि त्याच काळापासून आकाशांत होतों, माझाहि वांटा द्या. कर देण्यास लोकांची ना नव्हती. बहुतेकांची तक्रार ही होती कीं २०१६ सालींच आम्हांस हें सांगावयास हवें होतें. दरवर्षीं बिल आलें असतें तर कुरकुर करीत का होईना, तें भरलें गेलें असतें. नगर स्थापन करणारें सरकार, वसाहत बांधणारी सिडको आणि नवी पालिका यांनीं एकत्र बसून अमुक तारखेपासून सेवाशुल्क बंद व घरपट्टी सुरू, एवढें एक वाक्य पहिल्याच वर्षीं जाहीर केलें असतें तर पुढचा कलह बहुतांशीं टळला असता. आमच्या मतें दोष मुख्यतः ह्या न बोलण्याचा आहे.

पालिकेची बाजूहि ऐकली पाहिजे. नगराच्या तिजोरींत पैसा येण्याच्या वाटा एकामागून एक बंद होत आल्या आहेत. महाराष्ट्रांतील नगरपालिकांची जकात १९९९ सालीं उठली. महानगरपालिकांच्या जकातीची जागा २०१० पासून हळूहळू स्थानिक संस्था करानें घेतली. तो २०१५ च्या ऑगस्टपासून बहुतेक व्यापाऱ्यांना माफ झाला. आणि १ जुलै २०१७ रोजीं वस्तु व सेवा कर आल्यावर जें उरलें होतें तेंहि गेलें. त्याबद्दल सरकारकडून भरपाई मिळते, परंतु ती दुसऱ्याच्या हातून येणारी रक्कम. स्वतःच्या हक्काचा, भरवंशाचा असा मोठा कर नगराजवळ एकच उरला आहे, तो म्हणजे घरपट्टी. पनवेलसारख्या नव्या नगरास तर २९ गांवांत गटारें, जलवाहिन्या, शाळा, दवाखाने मुळापासून करावयाचे. ज्या गांवांनीं १९७० नंतर नव्या मुंबईसाठीं आपल्या जमिनी दिल्या, त्यांचा पहिला हक्क ह्या खर्चावर आहे हें वसाहतींतील आम्हां सुशिक्षितांस कधीं कधीं विसरावयास होतें.

येथें वाचक विचारतील कीं मग पालिकेच्या अंदाजपत्रकांत तूट किती? ह्या प्रश्नाचें उत्तर मोठें मौजेचें आहे. अंदाजपत्रकांत तूट बहुधा दिसतच नाहीं. १९४९ च्या महानगरपालिका अधिनियमाप्रमाणें वर्षअखेर कांहीं शिल्लक राहील असेंच अंदाजपत्रक करावें लागतें. म्हणून महाराष्ट्रांतील कोणत्याहि महानगरपालिकेचें अंदाजपत्रक घ्या, वर्तमानपत्रांत मथळा येतो तो शिलकी अंदाजपत्रकाचा. मग रस्त्यावर खड्डे आणि ठेकेदाराचीं बिलें थकलेलीं, हें कसें?

तूट लपते ती जमेच्या रकान्यांत. थकलेली घरपट्टी यंदा सर्व वसूल होईल असें धरून ती जमेस मांडली जाते. तितक्याच खर्चाचीं कामें खर्चाच्या बाजूस मांडलीं जातात. दोन्हीं बाजू जुळतात. वर्ष सरतें, वसुली निम्मी होते, कामें अर्धवट राहतात आणि जीं झालीं त्यांचीं देणीं पुढील वर्षावर ढकललीं जातात. एखाद्या घरांत मेहुण्यास दिलेले उसने पन्नास हजार दर दिवाळीला जमेस धरून नव्या पलंगाची मागणी नोंदवावी, तसाच हा प्रकार. घरांत असें झालें तर गृहिणी पहिल्याच वर्षीं वही मिटून ठेवील. नगराच्या वहीला अशी गृहिणी नाहीं. म्हणून ज्यास नगराची खरी स्थिति पहावयाची असेल त्यानें शेवटची शिल्लक पाहूं नये. गेल्या वर्षीं घरपट्टीचा अंदाज किती धरिला होता, मध्यंतरीं तो सुधारून किती केला, आणि प्रत्यक्ष जमा किती झाली, हे तीन आंकडे शेजारीं शेजारीं ठेवावे. हे तीन आंकडे एकमेकांपासून जितके दूर, तितकी तूट खोल.

पनवेलीचें दुखणें ह्या दृष्टीनें पाहिलें म्हणजे नीट समजतें. पहिलीं कित्येक वर्षें वसाहतींत बिलच गेलें नाहीं. मग एकदम गेलें तें इतकें मोठें कीं हजारों लोकांनीं तें बाजूस ठेविलें. न भरलेली रक्कम येणें म्हणून वहींत वाढत गेली. लोक म्हणत, सोयी नाहींत तोंवर भरणार नाहीं. पालिका म्हणे, भरल्यावांचून सोयी कोठून आणूं? दोघांचेंहि म्हणणें आपापल्या परीनें खरें, आणि म्हणूनच तिढा सुटेना.

ह्या तिढ्याचा खरा भार पडला तो घराघरांतील बैठकींवर. एकत्र कुटुंबांत ह्या बिलानें काय केलें असेल याची कल्पना आमच्या वाचकांस सहज येईल. वडील म्हणणार, सरकारी देणें आहे, भरून मोकळे व्हा. थोरला मुलगा म्हणणार, न्यायालयाचा निकाल येऊं द्या, आजच कां भरावें? धाकट्याच्या सोसायटींत न भरण्याचा ठरावच झालेला. आणि ह्या सर्व काळांत शास्तीचें मीटर चालू. वेळेवर न भरलेल्या करावर दरमहा दोन टक्के शास्ती अशी कायद्याची तरतूद आहे. दोन टक्के हा आंकडा ऐकावयास लहान; पण तो दरमहाचा आहे. दहा हजारांवर महिन्यास दोनशें, वर्षास चोवीसशें, चार वर्षांत नऊ हजार सहाशें. म्हणजे मूळ देण्याइतकेंच दुसरें देणें. इतकें व्याज पूर्वीं कोंकणांत सावकारानें लाविलें असतें तर गांवानें त्याचें नांव सकाळीं घेतलें नसतें.

शेवटीं २०२५ सालीं पालिकेनें अभय योजना आणिली. आरंभींच्या मुदतींत मूळ कर भरणारास शास्तीची नव्वद टक्के माफी, आणि जसजसा उशीर तसतशी माफी कमी, अशी तिची रचना होती. पुष्कळ कुटुंबांच्या छातीवरचा धोंडा त्यामुळें उतरला. परंतु ज्या सेवानिवृत्त गृहस्थानें मधल्या वर्षांत, मुदतठेव मोडून, शास्तीसकट सर्व रक्कम भरली, त्यास काय वाटलें असेल? ज्यानें थांबून पाहिलें त्यास माफी, आणि ज्यानें निमूटपणें भरलें त्याची शास्ती गेली ती गेलीच. वसुलीच्या गणितानें अशा योजना लाभाच्या असतात हें आम्हांस मान्य आहे. पण प्रत्येक माफीबरोबर पुढच्या खेपेस न भरणारांची संख्या थोडी वाढते, हेंहि त्याच गणितांत धरावयास हवें. आमच्या मतें अशा वेळीं पूर्वीं शास्ती भरलेल्यांस ती पुढील बिलांतून वजा करून द्यावी.

नगराच्या तुटीवरून आणि करांवरून नागरिकांनीं ओरड करणें ही गोष्ट नवी नाहीं. मुंबईचा इतिहास ह्या बाबतींत पाहण्यासारखा आहे. अमेरिकेंतील यादवीमुळें १८६१ ते १८६५ ह्या काळांत मुंबईच्या कापसास सोन्याचा भाव आला. युद्ध संपतांच तो फुगा फुटला आणि १८६५ त शेंकडों पेढ्या बुडाल्या. नेमक्या त्याच वर्षीं नव्या कायद्यान्वयें आर्थर क्रॉफर्ड हे मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर झाले. क्रॉफर्ड मोठे कर्तबगार. रस्ते, गटारें, बाजार यांचा त्यांनीं धडाका लाविला, आणि त्यांच्या नांवाची मंडई आपण सर्वांनीं पाहिली आहे. परंतु शहर गरीब झालेलें, खर्च वाढलेला आणि कर्ज डोईजड. घरपट्टी देणारे हवालदिल झाले. १८७१ सालीं जेम्स फोर्ब्स, नवरोजी फर्दुनजी प्रभृतींच्या पुढाकारानें करदात्यांची चळवळ उभी राहिली. कमिशनरच्या हातून सत्ता काढून ती एका कमिटीकडे द्यावी असा तिचा रोख होता.

त्या गदारोळांत सव्वीस वर्षांचे एक बॅरिस्टर फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्यें उभे राहिले आणि त्यांनीं लोकप्रवाहाविरुद्ध मत दिलें. फिरोजशहा मेहता हें त्यांचें नांव. त्यांचें म्हणणें असें कीं कारभार चालविणारा अधिकारी एकच असावा, तेथें कमिटी काम करणार नाहीं. उणीव आहे ती त्याच्यावर देखरेख ठेवणाऱ्या, करदात्यांनीं स्वतः निवडलेल्या सभेची. श्रोत्यांनीं त्यांस बोलूं दिलें नाहीं. पण १८७२ च्या कायद्यानें ६४ सभासदांची जी कॉर्पोरेशन निर्माण झाली तिच्यांत निम्मे, म्हणजे ३२, सभासद करदात्यांनीं निवडावयाचे ठरले. अर्थात् तेव्हांचा मतदार म्हणजे वर्षास निदान पन्नास रुपये कर देणारा. बाकीचें शहर त्या हिशोबांत नव्हतेंच. तरी तुटीवरच्या तक्रारींतून मताचा हक्क उपजला हें खरें.

पनवेलच्या बाबतींत हा इतिहास आम्हांस मुद्दाम आठवतो. तेथील महानगरपालिकेची पहिली निवडणूक २४ मे २०१७ रोजीं ७८ जागांसाठीं झाली आणि जुलै २०२२ मध्यें त्या सभासदांची मुदत संपली. पुढें तीन वर्षांहून अधिक काळ निवडणूकच झाली नाहीं. आयुक्त हेच प्रशासक. अंदाजपत्रक त्यांनींच करावयाचें आणि मंजूरहि त्यांनींच करावयाचें. करावरचा वाद सर्वांत तीव्र होता त्याच काळांत करदात्याचें गाऱ्हाणें सभेंत उभें राहून मांडणारा एकहि निवडलेला माणूस नव्हता. ही कोणा एका अधिकाऱ्याची चूक नव्हे. राज्यांतील बहुतेक सर्व महानगरपालिकांची त्या वर्षांत हीच गत झाली होती. परंतु मेहतांनीं १८७१ त जी उणीव दाखविली तीच दीडशें वर्षांनीं पुनः उद्भवावी, हें आम्हांस साधें वाटत नाहीं.

कराच्या त्राग्यानें लोक कोठवर जातात याचें उदाहरण पुण्याच्या वेशीवर घडलें आहे. उरुळी देवाची आणि फुरसुंगी हीं गांवें २०१७ सालीं पुणें महानगरपालिकेंत आलीं. कर शहराचा आणि सोयी खेड्याच्या, ही तेथील लोकांची तक्रार इतकी वाढली कीं २०२२ च्या अखेरीस सरकारनें तीं गांवें पुनः बाहेर काढण्याचें ठरविलें आणि २०२४ मध्यें त्यांची निराळी नगरपरिषद झाली. ह्या घटस्फोटानें त्यांचा कर कमी होईल कीं नवी नगरपरिषद पोसण्यासाठीं वाढेल, हें पहावयाचें आहे. आम्हांस ही वाट फारशी आशेची दिसत नाहीं. लहान नगराचीं गटारें कांहीं फुकट होत नाहींत.

तळोज्याच्या रहिवाशांस बाहेर पडण्याची वाट नाहीं, आणि ती त्यांनीं शोधूंहि नये. बिल मात्र नीट वाचावें. त्यांत घराचें करयोग्य मूल्य लिहिलेलें असतें. घर भाड्यानें दिलें असतां वर्षास जें भाडें येईल असें धरिलें जातें, त्यांतून दुरुस्तीबद्दल दहा टक्के वजा करून हें मूल्य काढतात. चौरस मीटरांचा आंकडा आपल्या खरेदीखताशीं जुळतो कीं नाहीं, राहत्या घराची नोंद चुकून दुकान म्हणून झाली नाहीं ना, हें पाहण्यास पांच मिनिटें पुरतात, आणि घाईच्या मोजणींत अशा चुका होतात. खालीं निरनिराळ्या करांची यादी असते. तींतील शिक्षणकर पालिकेचा नव्हेच. तो राज्यसरकारचा, पालिका केवळ गोळा करून देते. वृक्षकर झाडांसाठीं. हे रकाने माहीत असले म्हणजे पालिकेवर राग धरावयाचा तो किती रुपयांपुरता, हेंहि कळतें.

करयोग्य मूल्य मान्य नसेल तर न्यायालयांत अपील करतां येतें, पण त्याची मुदत पंधरा दिवसांची आहे आणि मागितलेली रक्कम आधीं भरल्यावांचून तें ऐकून घेतलें जात नाहीं. म्हणून आमचा सल्ला वडिलांच्या बाजूचा आहे, थोड्या फरकानें: मूळ कर भरावा, भरतांना हक्क राखून भरत आहों असें लेखी कळवावें, त्या पत्राची पोंच घ्यावी, आणि मग वाद घालावा. शास्तीची टांगती तलवार डोक्यावर असतांना माणूस नीट भांडूं शकत नाहीं.

आणखी एक गोष्ट एकत्र कुटुंबांतील भगिनींनीं लक्षांत ठेवावी. पुष्कळ घरांचीं बिलें अजून दिवंगत सासऱ्यांच्या, कधीं आजेसासऱ्यांच्या नांवानें येतात. भावांभावांत वांटणी झालेली नसते, म्हणून नांव बदलण्याचें कोणी मनावर घेत नाहीं. मग नोटीस जुन्या पत्त्यावर जाते, कोणी घेत नाहीं, आणि मुदत टळून गेल्यावर सर्वांस कळतें. मृत्यूचा दाखला आणि वारसांचे कागद देऊन सर्व वारसांचीं नांवें पालिकेच्या दप्तरीं चढवून घेतां येतात. त्यासाठीं वांटणी होण्याची वाट पहावी लागत नाहीं, आणि नांव चढल्यानें कोणाचा हिस्सा कमीजास्तहि होत नाहीं. हें काम दिवाळीच्या सुटींत, सर्व भावंडें एके ठिकाणीं असतांना, उरकून घ्यावें; सह्यांसाठीं मागाहून टपाल आणि प्रवास यांत वर्ष जातें.